मायलेकांना दिलेला शब्द

आमच्या गाडीत किस्से साठतात त्याला कारण रस्ता आहे. वडवणीतून निघालं की शेवटच्या गावाला पोचायला सव्वा तास लागतो, निम्म्या वाटेत मोबाईलला रेंज नसते, आणि गाडीत आम्ही तिघंच असतो. डॉक्टर, ड्रायव्हर शेखचाचा आणि मी, सिस्टर. जाताना आज कुणाकुणाकडे जायचं ते बोलून होतं आणि येताना काय काय घडलं ते. जातानाचं बोलणं दहा मिनिटांत संपतं. येतानाचं कधीच संपत नाही, मग मी ते घरी घेऊन येते आणि नवऱ्याच्या कानावर घालते. तो एकदा म्हणाला, "तुम्ही शेवटचे दिवस मोजणाऱ्या माणसांकडे जाता का तमाशाला?"

काम तसं सांगायला सोपं आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, किंवा जी म्हातारी माणसं अंथरुणातून उठत नाहीत, त्यांच्या घरी जायचं. दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना कसं सांभाळायचं ते शिकवायचं, आणि बसून चार शब्द बोलायचं. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्याचं आठ दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि निघताना एक जाड फाईल मिळाली. फाईलमध्ये सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. पण आमच्या गावांमध्ये ते प्रश्न कुणी विचारलेच नाहीत.

हे जे सांगतेय ते पहिल्याच वर्षातलं. त्या वर्षी पाऊस पार रुसला होता, गावोगावी टँकर फिरत होते, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

*

सुरुवात सोपानकाकांपासून करते. हाडांत पसरलेला कॅन्सर, वय सत्तरीच्या पुढे, जन्मभर शेती केलेला माणूस. फाईलमध्ये लिहिलं होतं की रुग्णाला दुखणं शून्य ते दहाच्या मापात सांगायला लावा. रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांचा एक तक्ताही होता, पण तो नेमका दवाखान्यात राहिला. म्हणून डॉक्टरांनी तोंडीच विचारलं, "काका, दहापैकी किती?"

काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तीन."

तीन म्हणजे काळजीचं कारण नाही. साध्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी गेलो तर म्हणाले, "अडीच." डॉक्टर खूश. तिसऱ्या वेळी म्हणाले, "दीड." डॉक्टर म्हणाले, "वा काका, छान सुधारणा आहे!" आणि उठायला लागले.

माझं लक्ष काकांच्या हाताकडे गेलं. त्यांनी बाजेची दोरी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मी म्हटलं, "काका, दीड म्हणजे काय दीड?"

"दीड म्हणजे दीडच राहिलंय की," काका म्हणाले. "तुमी आणेवारी इचारता ना? पीक किती हाती लागलं ती? दहातलं दीड. अर्ध्याच्या खाली गेलं की सरकार बी दुष्काळ जाहीर करतंय. मी तीनावर हाय तवापासून सांगायलोय, अन् तुमी म्हणता छान."

म्हणजे काका दुखणं मोजतच नव्हते. स्वतःतलं किती शिल्लक आहे ते मोजत होते, तलाठी शेतातलं पीक मोजतो तसं. महिनाभर तो माणूस कळवळत होता आणि आम्ही त्याला डोकेदुखीच्या गोळ्या देत होतो. मला इतकी लाज वाटली की गाडीत बसल्यावर मी रडले. डॉक्टरांनी त्याच दिवशी तगडं औषध सुरू केलं.

पुढच्या वेळी काकांचा चेहरा मोकळा दिसत होता. "आता सात," ते म्हणाले. डॉक्टरांनी पेन उघडलं, बंद केलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग काकांना विचारलं, "हे कुठलं सात?"

*

आता कौसाबाईचं सांगायला हवं, कारण त्या वर्षभर बाकी सगळं घडत होतं तेव्हा माझ्या डोक्यात तीच होती.

कौसाबाईच्या पोटात गाठ होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. एकुलता एक मुलगा भगवान, सून सुमन. दोघं दरवर्षी ऊसतोडीला जातात. कौसाबाईनेही तीस वर्षं तेच केलेलं. दसरा झाला की त्यांच्या वाडीत ट्रक लागतात आणि दोन दिवसांत वाडी रिकामी होते. मागे राहतात ती म्हातारी माणसं, शेळ्या, आणि आमची आशाताई लता, जिचं घर कौसाबाईच्या भिंतीला भिंत लागून आहे.

ट्रक निघाले त्या दिवशी मी तिथेच होते. भगवानने मला लिंबाखाली बाजूला घेतलं. "सिस्टर, मायला काय बी झालं, थोडं बी खाली-वर झालं, तर मला फोन करायचा. मी असंल तिथून निघतो. शब्द द्या." त्याचे डोळे भरले होते. मी शब्द दिला.

मग आत गेले. कौसाबाईने माझा हात धरून मला खाली बसवलं. "बाई, आता माझं ऐक. मला काय बी झालं तरी त्याला कळवायचं न्हाई. एक नवरा-बायकोची जोडी उठून आली की टोळीची गाडी भरत न्हाई. मधीच पळून आलेल्याला मुकादम पुढच्या साली उभा करीत न्हाई. मी टोळीत जन्म काढलाय, मला म्हाईत हाय. शब्द दे."

तिचे डोळे अगदी कोरडे होते. मी तिलाही शब्द दिला.

बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की पाव तासात मी काय करून बसले. गाडीत डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "फाईलप्रमाणे रुग्णाच्या इच्छेला मान द्यायचा."

"आणि मुलाला दिलेल्या शब्दाचं काय?"

"फाईलमध्ये घरच्यांना विश्वासात घ्या असंही आहे," ते म्हणाले. शेखचाचांनी आरशातून माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी ते मला कळलं नाही.

*

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे मी एका घरात तीनदा समजावून सांगितलं. घरात फक्त सासरे आणि सून. सासऱ्यांना अर्धांगवायू. सून हुशार, पण घड्याळ बंद पडलेलं आणि फोन नवऱ्याकडे.

पुढच्या महिन्यात गेले तर सासऱ्यांची पाठ अशी स्वच्छ की बघत राहावं! मी विचारलं, कसं जमवलंस. ती म्हणाली, "त्यात काय अवघड हाय? दारावरून एसटी जाती ना. गेली की फिरवायचं, माघारी आली की फिरवायचं." मी मोजलं. जाऊन-येऊन बरोबर दोन-सव्वादोन तासांचं अंतर पडत होतं. मी प्रत्येक वाडीत हिचं उदाहरण द्यायला लागले.

आणि मग एकदा गेले तर म्हाताऱ्याच्या एकाच कुशीला लालभडक चट्टा. मी सुनेवर चिडलेच. "अगं, काय झालं? दोन दिवस फिरवलं नाहीस?"

ती माझ्यापेक्षा जास्त चिडली. "मी काय करू सिस्टर? दोन दिवस झाले, एसटीच आली न्हाई!"

तिने मला विश्वासाने विचारलं, की गाडी बंद असली तर नियम काय आहे? मी दुसऱ्या दिवशी तिला घड्याळ नेऊन दिलं. तिने ते भिंतीला लावलं, आणि म्हातारा मात्र एसटीचा आवाज आला की अजूनही स्वतःच खांदा उचलायला बघतो.

*

आण्णांचा किस्सा डॉक्टर सगळीकडे सांगतात, पण त्यांना तो नीट सांगता येत नाही, कारण ते कोरमवर येऊन अडखळतात.

आण्णा म्हणजे मोठे बागायतदार, माजलगावच्या बाजूचे. वीस वर्षं गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. आता ती खुर्ची धाकट्या भावाकडे, बापूंकडे. आण्णांना फुप्फुसाचा कॅन्सर होता आणि त्यांना सांगायचं की नाही यावर घरात रोज वाद चालायचा. फाईलमध्ये यावर उपाय होता. फॅमिली मीटिंग घ्या. सगळ्यांना एकत्र बसवा, मोकळेपणाने बोलू द्या.

डॉक्टरांनी बापूंना सांगितलं, "उद्या सगळ्यांची मीटिंग घेऊ." मीटिंग हा शब्द बापूंना कसा ऐकू गेला ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. अंगणात सतरंज्या, एक टेबल, पाण्याचा जग, आणि सोसायटीचे सेक्रेटरी वही उघडून बसलेले.

बापू उभे राहिले. "विषय क्रमांक एक. आण्णांना त्यांच्या आजाराबद्दल काही सांगू नये, याबाबत चर्चा करून निर्णय घेणे."

आण्णांची बाज टेबलापासून चार हातांवर होती. ते जागे होते. डॉक्टर धडपडत उठले, "बापू, अहो, थांबा," पण बापूंनी त्यांना हाताने खाली बसवलं. एका पुतण्याने सुचवलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. आता ठराव मंजूर म्हणणार, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"कोरम हाय का?"

सेक्रेटरींनी वहीतून मान वर केली.

"थोरला पोरगा पुण्याला, मधला बीडला तारखेला गेलाय," आण्णा म्हणाले. त्यांना एका वाक्याला दोनदा दम लागत होता. "कोरम न्हाई. सभा तहकूब करा. अर्ध्या तासानं ह्याच जागी परत घ्या. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई."

सभा तहकूब झाली. अर्धा तास सगळ्यांनी चहा प्याला, आण्णांनीही बशीतून दोन घोट घेतले. मग सभा परत भरली आणि आण्णांना काही सांगू नये असा ठराव एकमताने मंजूर झाला. आण्णांचा हातही वर होता. मी तो स्वतः बघितला. सेक्रेटरींनी वही बाजेपर्यंत नेली आणि आण्णांनी चष्मा मागून घेऊन, पूर्ण वाचून, खाली सही केली.

डॉक्टर गाडीत मला विचारत होते, "म्हणजे आता त्यांना माहीत आहे असं धरायचं की नाही?"

मी म्हटलं, "ठरावाप्रमाणे नाही."

*

इकडे भगवानचा फोन दर रविवारी यायचा. तो कर्नाटकाच्या बाजूला कुठल्यातरी सहकारी कारखान्याच्या उसात होता. मागे बैलांच्या घंटा आणि माणसांचा कालवा ऐकू यायचा. "माय कशी हाय?" मी म्हणायचे, "बरी आहे."

सोमवारी कौसाबाईकडे गेले की ती विचारायची, "त्याचा फोन आल्ता का?" मी म्हणायचे, "नाही, मावशी." फोन येतो म्हटलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं, काय सांगितलंस, तो काय म्हणाला, रडला का.

म्हणजे बघा. रुग्णाशी आणि घरच्यांशी खरं बोलायचं, हे शिकण्यासाठी सरकारने मला पाठवलं होतं. आणि मी रविवारी एकाशी आणि सोमवारी दुसरीशी, नेमाने, खोटं बोलत होते. दोघंही मला पूर्ण विश्वासाने 'लई आधार हाय तुमचा' म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

लताला मी एकदा म्हटलं, "तूच सांग, काय करू?" लता तेव्हा टँकरच्या रांगेत उभी होती, दोन घागरी स्वतःच्या आणि एक कौसाबाईची. ती म्हणाली, "सिस्टर, तुमी लई शिकलेल्या. आमाला इतका प्रश्नच पडत न्हाई." मग थोडं थांबून म्हणाली, "मला बी दोघांनी शब्द मागितलाय. मी बी दोघांना देऊन टाकला."

*

त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर विठोबातात्यांची शेवटची इच्छा पूर्ण केली. केली म्हणजे करायला गेलो.

तात्यांचं मूळ गाव माजलगावच्या धरणात गेलं तेव्हा ते तरुण होते. नव्या गावठाणात चाळीस वर्षं काढली, पण स्वतःला ते नेहमी जुन्या गावचेच म्हणायचे. त्या वर्षी धरण आटलं आणि बातमी आली की जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडल्यात. तात्यांचं हृदय आता फार दिवस साथ देणार नव्हतं. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "एकदा घराची जागा बघू द्या. मंग मी सुखानं डोळे मिटतो."

फाईलमध्ये हे सगळं होतं. अपूर्ण राहिलेलं पूर्ण करू द्या, मनातल्या गाठी सुटू द्या, निरोप घेऊ द्या. डॉक्टरांचे डोळे पाणावले. आम्ही तात्यांना गाडीत झोपवलं, ऑक्सिजनचा सिलिंडर घेतला, आणि शेखचाचांनी भेगाळलेल्या गाळावरून गाडी अशी हळू नेली की तात्यांचा डोळा लागला.

जुन्या गावात जत्रा भरल्यासारखी माणसं होती. आम्ही तात्यांना खुर्चीत बसवून आत नेलं. गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, एक जातं, देवळाचा ओटा. तात्या बोटाने दाखवत होते, इथं पार होता, इथं आड होता. मग एका भिंतीपाशी त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. आम्हीही मागे सरकून उभे राहिलो. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "त्यांना वेळ देऊ या."

भिंतीपलीकडे काठी टेकत एक म्हातारा उभा होता. त्याने तात्यांकडे निरखून पाहिलं. "इठोबा हाय का?"

"कोण, दगडू?" तात्या म्हणाले.

मला भरून आलं. चाळीस वर्षांनी शेजारी भेटत होते. आणि तो म्हातारा म्हणाला, "ही भिंत माझी हाय. तवा बी सांगत हुतो."

पुढचा पाऊण तास काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. तात्या खुर्चीतून उभे राहिले, जे चार महिन्यांत अंथरुणातून उठले नव्हते. डॉक्टर त्यांची नाडी धरायला गेले तर त्यांनी डॉक्टरांनाच पावलं टाकून जागा मोजायला लावली. जमलेल्या माणसांत दोन तट पडले. भिंत धरणाची, धरण सरकारचं, दोन पावसांत ती परत पाण्याखाली जाणार, हे कुणी बोललंच नाही.

येताना तात्यांनी वाटेत थांबायला लावून भजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला जुने कागद शोधायला बसवलं. डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवस दिले होते. ते पुढची दिवाळी करून गेले, आणि माझी खात्री आहे, त्या भिंतीच्या जोरावरच.

*

आणि आता शेवटचं, जे मी नवऱ्याला सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

होळी जवळ आली होती. कौसाबाईने खाणं सोडलं होतं. चमच्याने पाणी, तेही लता पाजेल तेव्हा. पायावर सूज चढली होती. दुखणं आम्ही आटोक्यात ठेवलं होतं, पण बाकी सगळं हातातून चाललं होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आठ दिवस. फार तर पंधरा."

परतताना गाडी घाटाच्या माथ्यावर आली, जिथे रेंज मिळते. मी चाचांना गाडी थांबवायला सांगितली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ती नाही म्हणालीय." मी म्हटलं, "मला माहीत आहे." चाचा म्हणाले, "कोई ना बुलाए तो भी मैं तो जाता," आणि उतरून टायर बघायला लागले. टायरला काही झालेलं नव्हतं.

मी फोन लावला. भगवानने पहिल्याच रिंगला उचलला. वार मंगळवार होता, आमच्या फोनचा रविवार नव्हे.

"सिस्टर?"

मी म्हटलं, "भगवान, मी तुला काहीही कळवायला फोन केलेला नाही."

"मंग कावून केला?"

"असाच केला."

त्याने मागच्या माणसांना थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "असाच केला का?"

"हो. अगदी असाच."

त्याने फोन ठेवला. मी गाडीत येऊन बसले. दोघांनाही दिलेला शब्द मी पाळला, की दोघांचाही मोडला, याचा मी सव्वा तास हिशेब लावत होते आणि तो लागला नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही कौसाबाईच्या दारात गाडी उभी केली तेव्हा भगवान रस्त्यावरून चालत येत होता. हातात एक पिशवी, अंगावर रात्रभराच्या प्रवासाची धूळ. त्याने मला लगेच बाजूला घेतलं. "सिस्टर, मुकादमाला दोन दिवसांचं सांगून आलोय. उद्या सकाळच्या गाडीनं निघावंच लागतंय, न्हाईतर टोळी अडती. मायला म्हणतो कारखाना बंद झाला. तुमी फक्त मान हलवा." त्या वर्षी ऊसच नव्हता, कारखाने लवकर बंद होणार असं सगळेच बोलत होते, त्यामुळे ऐकायला ते खोटं वाटत नव्हतं.

आम्ही सगळे आत गेलो. कौसाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. लताने तिला हळूच वळवलं. तिने लेकाला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कावून आलास?"

"कारखाना बंद झाला, माय."

"इतक्यात?"

"ऊसच न्हाई औंदा."

कौसाबाईने दाराकडे नजर टाकली. कारखाना बंद झाला की टोळी कशी परत येते ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ट्रक येतात, त्यात बैल असतात, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं, सगळी वाडी एकाच दिवशी भरून जाते आणि आवाजाने कान किटतात. बाहेर आमच्या गाडीशिवाय काही नव्हतं. एक शेळी ओरडत होती.

"सुमन कुठं हाय?"

"येतीय मागून."

"अन् बैलं?"

"ती बी मागूनच."

कौसाबाईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपली. मग डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, बंद झाला का गं कारखाना?"

डॉक्टर बॅगेत काहीतरी शोधायला लागले. लता छताकडे बघत होती. आठ दिवसांचं ट्रेनिंग, जाड फाईल, 'खरं बोला' म्हणणारं तिचं पहिलंच पान, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"झाला, मावशी," मी म्हणाले.

तिने हात पुढे केला. त्या हाताला आता चमचा धरवत नव्हता, पण तिने भगवानच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि मुठीत गुंडाळून घेतलं.

"सगळेच म्हणतेत बंद झाला," ती म्हणाली. "मंग आता तुला माघारी जायाचं कायच काम न्हाई."

भगवानने माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर अजून बॅगेतच बघत होते.

"न्हाई, माय," तो म्हणाला.

"मंग पिशवी खाली ठेव."

त्याने पिशवी खाली ठेवली.